तोंड ‘पंच’ म्हणतं, पाय आधी ‘वीस’वर जातो

(नगर शहरात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिलाय ‘हालचालीतून शिक्षण’. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू प्राथमिक शाळांत सव्वीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता मुकुंदनगरमध्ये आमच्या गच्चीवर संध्याकाळी मुलांना घेऊन बसते. ‘बसते’ म्हणणं चूकच. आम्ही तिथे बसत नाही.

आधी माझी चूक सांगते. तिसरीत माझ्याकडे एक मुलगा होता. नाव घेत नाही. पाय सतत हलायचा, तासात तीनदा पाणी प्यायला जायचा, पाढे म्हणताना खिडकीशी जाऊन उभा राहायचा. मी त्याला कान धरून वर्गाबाहेर उभं करायची. एकदा त्याचे अब्बा आले, तर त्यांना म्हणाले, “इसका दिल नहीं लगता पढ़ाई में.” माझ्यासाठी ते रोजचं वाक्य होतं, त्यांच्यासाठी निकाल होता. चौथीनंतर तो आला नाही.

पुष्कळ वर्षांनी स्कूटी बिघडली म्हणून एका गॅरेजवर गेले. हाच मुलगा. नुसत्या नटाकडे बघून तो हाताखालच्या पोराला सांगत होता, चौदा-पंधराचा पाना आण, तो नको, दहा-अकराचा. ज्याला मी अंक येत नाहीत असं लिहून दिलं होतं, तो नजरेने मिलिमीटर ओळखत होता. मी विचारलं, शाळा का सोडलीस? म्हणाला, “टीचर, यहाँ बैठना नहीं पड़ता.” आणि पैसे घेतले नाहीत. ते मला जास्त लागलं.

तुमच्यापैकी बरेच जण लहानपणी मकतबात गेले असतील. सबक पाठ करताना आपण कसे डोलायचो, आठवतं? पुढे-मागे, पुढे-मागे. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. अंग हललं की जीभही चालते, एवढं आपल्या शरीराला ठाऊक होतं. जुन्या विद्वानांनाही ठाऊक होतं. अकराव्या शतकातला इब्न सीना आपल्या वैद्यकग्रंथात मुलाच्या दिवसात खेळाला वेळ देतो, आणि सहाव्या वर्षी शिक्षकाकडे पाठवा पण एकदम पुस्तकाला जखडू नका असं सांगतो. इमाम गझाली तर म्हणतात की मुलाला खेळू दिलं नाही आणि नुसतं शिकवत राहिलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी मंद होते. ही माणसं आपण सभांमधून मोठ्या अभिमानाने आठवतो. त्यांचं हे म्हणणं मात्र आपल्या वर्गात अजून पोचायचंय.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी केलंय. 1945 साली बोर्डीला, पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येईनात. मग या बायका शाळाच कुरणात घेऊन गेल्या. त्याला नाव पडलं कुरणशाळा. शंख, शिंपले, बिया, दगडगोटे हे साहित्य. मूल जिथे हिंडतंय तिथे शिक्षकाने जायचं. आपल्या वस्तीतलं मूल गल्लीत लंगडी आणि लगोरी खेळतं, म्हणजे आपलं कुरण गल्लीत आहे.

आता गच्चीवर काय करतो ते सांगते. हेच मला सगळ्यात नीट येतं.

फरशीवर खडूने एक लांब रेघ, टप्प्याटप्प्याने वीसपासून पन्नासपर्यंतचे अंक. आपली मुलं ‘पंचवीस’ ऐकून 52 लिहितात. दोष त्यांचा नाही. मराठीत आणि उर्दूतही आपण एकक आधी बोलतो आणि लिहितो नंतर. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं वाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की मुलांची अडचण खरी आहे. त्यांचं बरोबर होतं असं माझं मत. पण मी शब्द बदलत नाही, पाय वापरते. ‘पंचवीस’ म्हटलं की आधी वीसवर उडी, मग पाच पावलं. तोंड ‘पंच’ आधी म्हणतं, पाय ‘वीस’ आधी करतो. दहा-बारा दिवसांत 52 लिहिणं कमी होतं.

आणि एकोणतीस! ‘एकोण’ म्हणजे एक उणा. तीसवर उडी, एक पाऊल मागे. उर्दूतलं ‘उनतीस’ही तेच. ही गोष्ट मला स्वतःला चाळिशीनंतर कळली, खोटं कशाला बोलू. मुलं मात्र लगेच पकडतात. एकीने मला अडवलं, टीचर, उर्दूत नवासी आणि मराठीत एकोणनव्वद, असं का? मी म्हटलं, घरी जाऊन दादीला विचार.

जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. तिथल्या संशोधकांनी 2011 साली बालवाडीच्या मुलांना नाचाच्या चटईवर डावी-उजवीकडे पाऊल टाकून अंकांची तुलना करायला लावली. दुसऱ्या वेळी हाच सराव बसून टॅब्लेटवर. पायांनी केलेल्या सरावाचा फायदा जास्त दिसला. वाचून मला बरं वाटलं, आपल्या गच्चीचं काहीतरी खरं आहे.

दुसरा खेळ मराठीचा. उर्दू माध्यमातली आपली मुलं पुढे पोलीस भरतीत, तलाठ्याच्या परीक्षेत कुठे अडतात? मराठीत. उर्दूला दोन लिंगं, मराठीला तीन. ‘किताब अच्छी है’ म्हणून मग ‘पुस्तक चांगली आहे’. गच्चीचे तीन कोपरे केले: तो, ती, ते. मी शब्द ओरडते, मुलं पळतात. ‘पुस्तक!’ म्हटलं की सगळी ‘ती’च्या कोपऱ्यात. ‘पाणी!’ म्हटलं की ‘तो’कडे. हसतात, एकमेकांना ओढून ‘ते’मध्ये आणतात. एकदा चुकीच्या कोपऱ्यात पळालेलं मूल तो शब्द विसरत नाही. व्याकरणाचा तक्ता मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, त्यातून इतकं कधी झालं नाही.

आता एक सावधगिरी. ‘ब्रेन जिम’ नावाने अमेरिकेतून आलेले काही व्यायाम शिबिरांतून विकले जातात. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावा, मेंदूचे दोन भाग जोडले जातील, मूल हुशार होईल. या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. व्यायाम म्हणून वाईट नाही, मुलांना मजाही येते. पण त्यासाठी फी भरू नका आणि पालकांना तसं सांगू नका. आपण करतो ते साधं आहे: जे शिकायचं तेच हालचालीत घालायचं. आणि एखाद्या मुलाला खरंच ऐकू कमी येत असेल, दिसत नसेल, अक्षरं सुटत असतील, तर लंगडीने ते बरं होणार नाही. त्याला डॉक्टरकडे न्यायचं.

मुलींचं बोलायचं राहिलं, आणि इथे मला तुमची मदत लागेल. नऊ-दहा वर्षांची झाली की घरून निरोप येतो, आता तिला उड्या मारायला लावू नका, बरं दिसत नाही. मुलगे रेघेवर पळतात, मुली कडेला उभ्या राहून बघतात. त्या कडेलाच गणित सुटतं त्यांचं. मागच्या वर्षी एक आई तक्रार करायला वर आली. मी वाद घातला नाही. विचारलं, तुम्ही लहानपणी काय खेळायचात? म्हणाली, लंगडी. शेवगावला, मामूच्या अंगणात, सगळ्या मुलींत पहिली. मग रेघेकडे बघत उभी राहिली. मुलगी पुढच्या दिवशी आली. सगळ्या आया अशा वर येत नाहीत, त्यांच्याकडे आपल्याला जावं लागेल. आणि ते मी एकटीने होत नाही. माझे गुडघे गेले.

म्हणून हे सांगायला आले. ज्यांना जमेल त्यांनी रविवारी असरनंतर गच्चीवर या. खडू मी आणते. पन्नासपुढची रेघ अजून आखायची आहे, आणि आमची गच्ची तिथे संपते. शेजारच्यांची मागायला माझ्याबरोबर कोण येतंय?