गिटारवर पोट भरतं का?

आज मोहोळातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

मागच्या एपिसोडनंतर आपल्याच तालुक्यातल्या एका पोराचा व्हॉइस मेसेज आला. बारावी झालीय, यूट्यूबवर बघून दोन वर्षं गिटार वाजवतोय. ब्लूज आणि रॉकचं वेड. वडील म्हणतात, "बँजो पार्टीवाल्याला लग्नसराईत सुपाऱ्या तरी मिळतात. तुझ्या ह्या गिटारीला कोण बोलावणार?" आणि पोरगं मला विचारतंय, दादा, ह्याच्यावर पोट भरतं का?

खरं सांगू? मला वडिलांचा प्रश्न अजिबात चुकीचा वाटला नाही. म्हणून आज वॉरेन मेंडोन्साबद्दल बोलू.

मुंबईचा गिटारवादक. आधी 'झीरो' नावाच्या रॉक बँडमध्ये होता. आता 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' ह्या नावाने स्वतःचं संगीत करतो. स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, फेंडर कंपनीने 1954 मध्ये आणलेली इलेक्ट्रिक गिटार. शंकर-एहसान-लॉय मधले लॉय हे त्याचे काका. हां, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण असा काका सगळ्यांना नसतो! दार उघडायला ओळख लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आत गेल्यावर वाजवावं स्वतःलाच लागतं.

तर हा माणूस हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार वाजवत आला. ह्याला सेशन म्हणतात. तुम्हाला बोलावतात, गाणं ऐकवतात, सांगतील तसं वाजवायचं, पैसे घ्यायचे, घरी यायचं. गाणं गाजतं गायकाच्या नावाने. गिटार कोणाची, हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं. त्यात कमीपणा काही नाही, ते काम आहे. जोडीला तो रेकॉर्डिंग-मिक्सिंगही करतो. मधली काही वर्षं तर तो न्यूझीलंडला होता.

आणि ह्या सगळ्याच्या कडेकडेने त्याने स्वतःचे अल्बम काढले. पहिला 2007 मध्ये, दुसरा 2009, मग थेट 2014, मग 2017. दहा वर्षांत चार! तेही बहुतेक गायकाशिवाय. आपल्याकडे गाणं म्हणजे शब्द आणि गाणारा. इथे गिटारच गाते. एकदा 'ओड टू अ सनी डे' हेडफोन लावून ऐका. फास्ट वाजवायची घाई कुठेच नाही. एक सूर धरतो, तार ओढून वर नेतो, आणि थांबतो.

ती तार ओढणं, म्हणजे बेंडिंग, आपल्या मींडेची जवळची नातेवाईक. ब्लूजमध्ये जी मायनर पेंटॅटॉनिक स्केल सगळे आधी शिकतात, तिचे सूर बघा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे तर आपल्या धानी रागाचे सूर! खोटं वाटत असेल तर भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना वाजवायला सांगा. चाल, वळण सगळं वेगळं, पण सूर तेच. त्यामुळे "ती इंग्लिश गिटार" हे वडिलांचं म्हणणं मात्र मला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, हे भारतातच असं असणार, अमेरिकेत ब्लूजवाल्यांची चैन. बडी गायचं नाव ऐकलंय? 2011 मध्ये मुंबईत मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, त्यात तो वाजवून गेला. 1936 चा जन्म, लुइझियानातला, आईबाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. पहिलं वाद्य घरीच केलेलं, दोन तारांचं. 1957 मध्ये शिकागोला गेला. तिथे चेस रेकॉर्ड्समध्ये मडी वॉटर्ससारख्यांच्या मागे गिटार वाजवायचा, आणि साठच्या दशकात दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा. एवढा मोठा वादक, ट्रक चालवत होता राव!

तर भावा, तुझं उत्तर. नुसतं स्वतःचं वाजवून पोट भरेल असं मी तुला सांगणार नाही. गिटारच्या आजूबाजूच्या दहा कामांवर भरू शकतं. ह्या सीझनला त्याच बँजो पार्टीत घुस. लाज कसली? तीन तास न थांबता, ऐनवेळी पट्टी बदलली तरी वाजवायचं, हे यूट्यूब शिकवत नाही. मोबाईलवर मिक्सिंग शिकायला घे. शिक्षण सोडू नकोस, कारण पहिली काही वर्षं कोरडी जाणार हे गृहीतच धर. आणि स्वतःची धून रोज थोडी तरी कर, नाहीतर सुपाऱ्यांमध्ये ती कधी राहून जाते कळत नाही. माझी राहिली. माझी गिटार गेली सहा वर्षं कपाटावर आहे, तीन तारांची.

तुझी एक मिनिटाची रेकॉर्डिंग पाठव. पुढच्या रविवारी एपिसोडच्या सुरुवातीला लावतो. आणि वडिलांनाही ऐकायला बसव.