चौथ्या नंबरची गोष्ट
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेले भाषण)



संयोजकांनी मला ‘खेळ आणि आपण’ असा विषय दिला आहे. हा विषय कुठूनही सुरू करता येतो आणि कुठेही संपत नाही. जेवणानंतरचं सत्र आहे, समोर काहींचे डोळे मिटायला लागले आहेत. त्यामुळे मी एकाच स्पर्धेबद्दल बोलणार आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधली महिलांची हॉकी. त्या वेळी आपण नुकतेच दहावीत गेलो होतो.

मॉस्को म्हटलं की आपल्याला भास्करनचा संघ आठवतो. पुरुषांच्या हॉकीतलं ते सुवर्णपदक. पण त्याच ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच बायकांचीही हॉकी खेळली गेली, हे किती जणांच्या लक्षात आहे? पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९०८ साली. बायकांना त्यानंतर बहात्तर वर्षं वाट पाहावी लागली. आणि दार उघडलं ते नेमकं अशा वर्षी, की निम्मं जग मॉस्कोला जायला तयार नव्हतं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या म्हणून अमेरिकेनं बहिष्कार पुकारला आणि हॉकीतले बलाढ्य देशही मागे हटले. रिकाम्या झालेल्या जागा भरायला इतर देशांना बोलावणी गेली. शेवटी सहा संघ उतरले: सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, ऑस्ट्रिया, झिंबाब्वे आणि भारत.

यातली झिंबाब्वेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा देश स्वतंत्र झाला १८ एप्रिल १९८० ला. जुलैत ऑलिंपिक. निमंत्रण आलं तेव्हा हातात काही आठवडेच होते. संघातल्या मुली नोकऱ्या-घरदार सांभाळून हौसेनं खेळणाऱ्या. आयुष्यभर गवतावर खेळलेल्या आणि मॉस्कोत समोर कृत्रिम गवत. आपल्यापैकी जे खेळलेत त्यांना यातला फरक कळेल. मैदानावर चेंडू उडतो, अडखळतो, तुम्हाला क्षणभर वेळ देतो. कृत्रिम गवतावर तो सरळ सुसाट येतो, स्टिक जागेवर नसेल तर गेलाच. तरीही या मुली पाच सामन्यांत एकही हरल्या नाहीत. तीन जिंकल्या, दोन बरोबरीत सोडवले आणि सुवर्णपदक घेऊन गेल्या. प्रत्येकीला बक्षीस म्हणून एक बैल देणार असं जाहीर झालं होतं आणि प्रत्यक्षात हातात मांसाचं पुडकं पडलं, अशी गोष्ट सांगतात. बक्षिसांचं हे असं आपल्याकडेच होतं असं नाही!

त्यांची कर्णधार होती अ‍ॅन ग्रँट. क्रिकेटवाल्यांसाठी सांगते, ही डंकन फ्लेचरची बहीण. पुढे आपल्या क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाला तोच फ्लेचर. आणखी एक गोष्टही सांगायला हवी. त्या संघातल्या सगळ्या मुली गोऱ्या होत्या, आणि देश होता काळ्या लोकांचा. कुणाला मैदान मिळतं, कुणाच्या हातात स्टिक पडते, हे खेळ सुरू होण्याच्या फार आधी ठरलेलं असतं. हा मुद्दा मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे तो आपल्या शाळेपर्यंत येणार आहे.

आता आपल्या मुली. रूपा सैनी कर्णधार. संघात आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन होती, रेखा मुंडफण होती. पहिल्या सामन्यात ऑस्ट्रियाला २-० हरवलं. पोलंडला ४-०. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ अशी हार झाली. मग झिंबाब्वेशी १-१ बरोबरी. म्हणजे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाला आपण जिंकू दिलं नव्हतं. शेवटचा सामना ३१ जुलैला, यजमान सोव्हिएत संघाशी. त्या वेळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण असे. आपले होते पाच, त्यांचे चार. म्हणजे नुसती बरोबरी झाली असती तरी कांस्यपदक आपलं होतं. आपण १-३ ने हरलो. ते तिसरे, आपण चौथे.

आमच्या घरी टीव्ही नव्हता. निकाल कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, आणि मुलींच्या हॉकीचा निकाल शोधावा लागायचा. चौथ्या नंबरला पदक नसतं, मिरवणूक नसते, आणि हळूहळू आठवणही राहत नाही. दोन वर्षांनी, १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये महिलांची हॉकी पहिल्यांदा आली आणि आपण सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती एलिझा नेल्सन. पुढच्याच वर्षी तिला पद्मश्री मिळाली. त्याच एशियाडमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला ७-१ हरवलं. आज कुणालाही विचारा, ते सात गोल आठवतात. मुलींचं सुवर्ण आठवत नाही.

आणि मग? मॉस्कोनंतर आपल्या मुली पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरल्या त्या थेट २०१६ मध्ये, रिओला. छत्तीस वर्षांनी! मध्ये २००२ ला मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडला ३-२ हरवून सुवर्ण मिळवलं, पण ऑलिंपिकचं दार बंदच. रिओमध्येही आपण शेवटचे आलो. त्यानंतर टोकियो, २०२१ मध्ये. पहिले तिन्ही सामने हरलो. नंतर आयर्लंडला १-० हरवलं, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियानं तीन गोल केले. मग उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलिया. गुरजीत कौरचा एक गोल आणि गोलमध्ये सविता भिंतीसारखी उभी. १-०! तो सामना आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती जणांनी पाहिला ते मला माहीत आहे. एरवी सुप्रभातच्या फुलांपलीकडे न जाणारे लोक त्या दिवशी पेनल्टी कॉर्नरवर बोलत होते. शेवटी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटननं ४-३ हरवलं. पुन्हा चौथ्या.

मॉस्कोचा चौथा नंबर सहा संघांतला होता, टोकियोचा बारा संघांतला, आणि कुणाच्याही बहिष्काराशिवाय. दुसरा खूपच मोठा, हे मान्यच. पण त्या संघातल्या मुली कुठल्या होत्या ते पाहा. कर्णधार राणी रामपाल हरियाणातल्या शाहाबादची, वडील गाडी ओढून पोट भरणारे. सलीमा टेटे, निक्की प्रधान झारखंडच्या. कुणी ओडिशाची, कुणी मणिपूरची, लालरेमसियामी मिझोरमची. सर्वांत जास्त हरियाणाच्या. महाराष्ट्राची एकही नव्हती. ज्या राज्यानं १९८२ ची कर्णधार दिली, त्या राज्याची एकही नाही. आणि वंदना, जिनं तीन गोल केले, तिच्या घरासमोर उपांत्य फेरीतल्या पराभवानंतर लोकांनी जातीवरून शिवीगाळ केली. मैदान मिळालं तरी सगळं मिळालं असं होत नाही.

मुली एका दिवसात तयार होत नाहीत आणि एका दिवसात नाहीशाही होत नाहीत. त्या शाळेत तयार होतात, आणि शाळेतूनच नाहीशा होतात. आपली गोष्ट आठवा. आमची टीम होती अकरा जणींची आणि दोन राखीव. स्टिक होत्या मुलांच्या टीमनं टाकून दिलेल्या, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. गोलकीपरचे पॅड क्रिकेट टीमकडून उसने आणायचे, आणि त्यांची मॅच असली की आमची प्रॅक्टिस बंद. पी.टी.च्या सरांनी, जे आज समोर बसले आहेत, तेरा जणींच्या घरी सायकलवर जाऊन पालकांची समजूत काढली होती. स्कर्टवर खेळायचं म्हणून एकीच्या आजोबांनी नाही म्हटलं, तर सर तिच्यासाठी सलवार-कमीजची परवानगी घेऊन आले. त्या दोन वर्षांत आम्ही काय मोठं जिंकलो असं नाही. आंतरशालेय स्पर्धेत आम्हीही एकदा चौथ्याच आलो. पण दहावीनंतर त्या तेरा जणींपैकी किती जणींनी पुन्हा स्टिक हातात धरली? दोघींनी. बाकीच्या अकरा जणी काही वाईट खेळत नव्हत्या. कुणाला संध्याकाळी सहाच्या आत घरी यायचं होतं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या कॉलेजात मुलींची टीमच नव्हती. मी त्या अकरांतली एक.

गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन आले. मुलींचा हॉकी संघ बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत. सध्याच्या क्रीडाशिक्षिका बाई म्हणाल्या, “मुली विचारतात हो, पण साहित्य नाही आणि स्पर्धेला न्यायला प्रवासखर्च नाही.” मैदान आहे, मुली आहेत, शिकवायला तयार असलेल्या बाई आहेत. अडलंय ते एवढ्यावर.

आपल्या बॅचनं जमवलेल्या निधीतून प्रवेशद्वारावर स्मृतिकमान बांधायची असा प्रस्ताव आज संध्याकाळच्या बैठकीत येणार आहे. ज्यांनी तो आणलाय त्यांचं शाळेवरचं प्रेम मी जाणते. रागावू नका, पण माझं म्हणणं वेगळं आहे. कमानीखालून मुली आत येतील आणि तशाच बाहेर जातील. त्या पैशांत वीस स्टिक, गोलकीपरचा पूर्ण संच आणि तीन-चार वर्षांचा स्पर्धांचा प्रवास होऊ शकतो. आपली नावं संगमरवरावर नाही लागली तरी चालेल. वर्गात बाई आपलं नाव रोज हजेरीत घेत होत्या, तेवढं पुरे आहे.

यातून उद्या कुणी ऑलिंपिकला जाईल असं मी म्हणत नाही. टोकियोत चौथा आलेला संघ २०२४ च्या पॅरिसला पात्रसुद्धा ठरला नाही, रांचीत जपानकडून ०-१ हरला. खेळ असाच असतो. आपल्या मुली हरल्या तर हरू देत, चौथ्या आल्या तर येऊ देत. फक्त दहावीनंतर खेळायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवता यावं. आम्हाला ते ठरवता आलं नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता, ग्रंथालयात बैठक आहे. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवून आणावं.