मस्टरवर नाव नसलेल्या गिरणी कामगार

(रत्नागिरी येथे महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

सकाळी आपण एकमेकींची ओळख करून घेतली. प्रत्येकीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पाठोपाठ कितीतरी जणींनी न विचारताच सांगितलं, "वडील गिरणीत होते", "सासरे गिरणीत होते", "आजोबा संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत." मी एकीला विचारलं, "आणि आजी काय करायची?" ती म्हणाली, "आजी काय, घरीच असायची."

ह्या 'घरीच असायची'बद्दल मला आज बोलायचं आहे. गिरण्यांचा इतिहास आपण खूप ऐकला आहे. त्यात शेटिया आहेत, पुढारी आहेत, संप आहेत. आपल्या आज्या त्यात कुठे आहेत, हे आज आपण शोधूया.

थोडं मागं जाऊ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रं विलायतेहून आली. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर म्हणून भाग आहे. मँचेस्टर, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न ही त्या बाजूची गिरणगावं. यंत्रावर सूत काढायचं, यंत्रावर कापड विणायचं, हा धंदा तिथे आधी वाढला. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत बसली आणि ती चालती ठेवायला तिकडचे जाणकारही आले. म्हणजे यंत्र विलायतेचं आणि भांडवल मुंबईच्या व्यापाऱ्यांचं. माणसं मात्र आपली. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येत होता.

एवढी माणसं आपल्याकडूनच का गेली? पाऊस चार महिने धो धो, पण जमीन कातळाची. भात पिकणारी जागा थोडी, आणि ती खोताची. कुळानं राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवायचा. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली. तोवर घरात रोख पैसा यायचा तर मुंबईहूनच. समुद्रानं बोटीची वाट होती. बंदरावर गडी बोटीत चढला आणि बाई काठावर राहिली.

ती काठावर का राहिली? आपल्याला सांगितलं जातं की रीतच तशी होती. पण जरा हिशोब मांडून पाहा. गिरणीत मिळणारा पगार एका माणसाचं पोट भरून थोडं गावी धाडता येईल एवढाच होता. दहा बाय दहाच्या खोलीत गावचे दहा-पंधरा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकणार. तिथे संसार कुठे मांडणार? कामगाराच्या बायकोला, मुलांना, म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचा खर्च मालकाच्या पगारपत्रकात धरलेलाच नव्हता. तो खर्च गावच्या बाईच्या अंगावर होता. गडी आजारी पडला, फुप्फुसात कापसाची धूळ बसून खोकायला लागला की गावी यायचा. काम गेलं की गावी यायचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही माणसं लोटली ती गावाकडेच. गावचं घर हेच गिरणीचं फुकटचं इस्पितळ होतं, तीच पेन्शन होती, आणि संप झाला तर तोच संपाचा फंड होता. हे सगळं चालवणारीला पगार नव्हता आणि मस्टरवर तिचं नावही नव्हतं.

माझे आजोबा साचेवाले होते. आजी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी तिच्यासमोर वही घेऊन बसले. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरीची कुपनं दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती. मी मोठ्या हुशारीनं वर्षाची बेरीज केली आणि म्हटलं, "आजी, एवढ्यात घर चालायचं?" ती हसली. म्हणाली, "पैशे त्येनी धाडायचे, वरीस मी काढायचं."

मग ते वरीस मी तिच्याकडून लिहून घेतलं. उन्हाळ्यात भाजावळ, पावसात तरवा काढून लावणी, मग बेणणी, कापणी, झोडणी. डोंगरउतारावर नाचणी-वरी. जनावरं, शेण, गवताच्या पेंढ्या, लाकूडफाटा. विहीर अर्ध्या मैलावर. सासूचं दुखणं, दिराचं लग्न, पाच बाळंतपणं, त्यातली दोन मुलं गेली. नवरा गणपतीला आणि शिमग्याला, तोही रजा मिळाली तर. प्रबंधाच्या तक्त्यात 'व्यवसाय' असा रकाना होता. त्यात मी आधी 'गृहिणी' लिहिलं होतं. ते खोडताना मला माझीच लाज वाटली.

आता दुसरी बाजू. गिरणीत बायका नव्हत्याच असं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं अशा. त्यांना वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती आणि कचरा-कापूस निवडायचं काम. वर नायकीण, तिची मर्जी सांभाळली तर काम. साचेखात्यात मात्र बाई नाही. का? तर साचा बाईला झेपत नाही.

मैत्रिणींनो, इथेच लँकेशायर उपयोगी पडतं. त्याच जातीच्या यंत्रावर तिथे बायका सर्रास विणकाम करत होत्या. विणकरांत बायकांची संख्या मोठी, आणि त्या युनियनच्या सभासद होत्या. १९०१ साली त्या भागातल्या कापड गिरण्यांमधल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी अर्ज केला. गिरण्यांच्या दारात उभं राहून २९,३५९ सह्या गोळा केल्या आणि तो अर्ज लंडनला पार्लमेंटकडे नेला. म्हणजे यंत्राला बाई-पुरुष कळत नव्हतं. कुठलं काम कोणाचं हे माणसांनी ठरवलं, आणि जास्त पगाराचं काम पुरुषाचं ठरलं.

तिथे सगळं चांगलं होतं असं मात्र समजू नका. तान्ह्या मुलाला घरी ठेवून कामावर जाणाऱ्या आया त्याला अफू घातलेलं औषध पाजत, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. मुंबईत हेच बाळगोळी देऊन चालायचं. १९२० च्या दशकातल्या पाहणीत हे उघड झालं, तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी आयांना नावं ठेवली. पाळणाघर का नाही, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

पुढे कायदे आले. १८९१ च्या कायद्यानं बायकांच्या कामाचे तास अकरावर आणले. नंतर रातपाळीला बंदी आली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. हे कायदे हवेच होते. पण बाईची नोकरी टिकेल याची हमी कोणत्याच कायद्यानं दिली नाही. मालकांनी हिशोब केला की बाई रातपाळीला चालत नाही, तिला भत्ता द्यायचा, पाळणाघर द्यायचं, त्यापेक्षा पुरुष बरा. सुधारित यंत्रं आली, रिळिंगचं काम घटलं, तेव्हा आधी बायकांची खाती आटली. आणि आपल्या युनियन्सनी काय केलं? १९२८ चा सहा महिन्यांचा संप आठवा. बायका त्यात पुढे होत्या. लाल बावट्याच्या चळवळीनं उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या दिल्या. तरीही 'कुटुंब पोसणारा पुरुष' हीच कामगाराची व्याख्या राहिली. बायकांच्या कपातीचा प्रश्न मागेच राहिला. १९८२ पर्यंत गिरण्यांत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या.

बाहेर पडलेल्या बाईनं मग पोटासाठी चूल मांडली. गिरणगावातल्या खानावळी ह्या बायकांनी चालवल्या. वीस-वीस जणांचा स्वयंपाक, दोन्ही वेळचा, आणि पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या दारापर्यंत नेलं. आपले बचत गट आज बँकेत जातात, त्या वाटेवर आधी चाललेल्यांत ह्या खानावळवाल्या आहेत.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आपण म्हणतो, कामगार वर्षभर लढले. कशाच्या जोरावर? गावच्या तांदळावर. संपाच्या त्या दिवसांत आजोबा गावी आले, दोन वर्षं घरी बसले. आजी आणि माझी आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेल्या, आंब्याच्या हंगामात पेट्या वाहिल्या, चिरेखाणीवर गेल्या. आजोबांना मजुरीला जाण्याची लाज वाटायची. आईला वाटून चालणार नव्हतं. त्या काळात घरोघर दारू वाढली, मारहाण वाढली. त्याचीही नोंद संपाच्या इतिहासात नाही.

आपल्या जिल्ह्याचं नेहमी कौतुक होतं की इथे बायका जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. ऐकायला छान वाटतं. पण त्याच जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांत मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. मग मोठ्या वयात बायका जास्त कशा? पुरुष मुंबई-पुण्याला आहेत म्हणून. हा आकडा बाईच्या सन्मानाचा नाही. घरटी एक माणूस बाहेर आणि एक बाई मागे, असा तो दीडशे वर्षांचा हिशोब आहे. आज गिरणी नाही. पोरगा कुरिअरमध्ये असेल, सिक्युरिटीत असेल. मागे राहिलेली तीच आहे.

आता ह्या सगळ्याचा आजच्या कामाशी संबंध काय? गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या भावानं गेल्या. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते: मोकळ्या जागेला, सार्वजनिक घरांना आणि मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलून फक्त रिकाम्या जागेला लागू केला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल मान्य केला, आणि कामगारांच्या वाट्याची जमीन आक्रसली. तरी लढून लढून घरांची योजना मिळाली. म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये झाली. अर्ज लाखांच्या वर आहेत, घरं त्यामानानं फार थोडी.

ह्या अर्जांसाठी बायका माझ्याकडे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात. पिशवीत गिरणीचं ओळखपत्र असतं, फंडाची पावती असते, मृत्यूचा दाखला असतो. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एक कागद आणखी असतो. त्यावर आईनं आणि बहिणींनी सही करायची असते, की आमचा हक्क नाही, सगळं थोरल्याच्या नावे करावं. "घर मिळालं तर भाऊ विचारील की, ताई," असं म्हणत त्या अंगठा उठवायला तयार असतात.

गेल्या वर्षी सत्तरीच्या एका मावशींनी मला विचारलं, "कामगार तर ते होते. माझा कसला हक्क?" मी त्यांना माझ्या आजीचं वरीस वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी तो कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. सही केली नाही. घरात त्यावरून अबोला झाला, तो अजून आहे. हे मी लपवत नाही, कारण तुमच्याही गावात हेच होणार आहे.

म्हणून तीन कामं ठरवूया. एक, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र नसेल तर विधवा, आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा आहे, हे प्रत्येक गटात सांगायचं. आपल्या मुस्लिम मैत्रिणींना त्यांच्या वारसा कायद्यातही पत्नीला आणि मुलीला ठरलेला वाटा आहे, तेही सांगायचं. दोन, हक्कसोडीच्या कागदावर घाईनं सही करायची नाही. आधी वाचून घ्यायचा, गटात दाखवायचा. सही करायची की नाही हे बाई ठरवील, पण कळून ठरवील. तीन, गावातल्या म्हाताऱ्या बायांचं वरीस लिहून घ्यायचं. वही आणि पेन पुरे आहे. त्या आता फार थोड्या राहिल्या आहेत.

आणि पुढच्या शिबिरात ओळख करून देताना कुणी म्हणू नये की आजी घरीच असायची. आजी काय करायची, ते सांगावं.