रेघेच्या पलीकडचा माणूस

अध्यक्ष महाराज, काटोलकर मंडळी आणि ऊन उतरायच्या आत पुढच्या रांगा भरून टाकणाऱ्या आयटीआयच्या मुलामुलींनो,

विषय आहे संगणकावरची इंजिनिअरिंग ड्रॉइंग्ज. इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून धावतच सांगतो. १९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ केलं आणि प्रकाशाच्या लेखणीनं पडद्यावर रेघ ओढता आली. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि तेच काम टेबलावरच्या छोट्या संगणकावर होऊ लागलं. पुढचं तुम्ही रोज करता.

मी त्याआधीच्या बोर्डावर शिकलो. ए-झीरो म्हणजे एक चौरस मीटरचा कागद, त्यावर मिनी ड्राफ्टर. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. कागद फाटला की केलेलं सगळं पुन्हा. अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चुरचुरायचे. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. संगणकावर वस्तू एकास एक मापात काढता येते, मॉडेलमध्ये एक भोक सरकवलं की सगळी दृश्यं बदलतात. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते मी मांडणारच : ज्यानं भाग हातात धरला नाही, त्यानं माउसला हात लावू नये. (हशा)

हसा, पण टेबलावर ठेवलेला हा लोखंडी ब्रॅकेट आधी बघा. असे चोवीस होते.

आपल्याच भागातलं काम. संत्र्याची प्रतवारी करणारं यंत्र. फळ दोन फिरत्या रुळांवरून पुढं सरकतं, रुळांमधली फट वाढत जाते; बारीक फळ आधी पडतं, मोठं शेवटी. त्या रुळांची बेअरिंगं धरणारा हा ब्रॅकेट. तो एकाच हाताचा, म्हणजे डाव्याच्या जागी उजवा चालत नाही. ड्रॉइंग माझ्या टेबलावरून गेलं, खाली सही माझी. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी तोंडावर आलेली. मी वर्कशॉपात पोचलो तेव्हा चोवीसच्या चोवीस तयार होते आणि एकही बसत नव्हता. सगळे उलटे. आरशात दिसावेत तसे.

कारण काय? भारतीय मानकात आपण फर्स्ट अँगल वापरतो : वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली. अमेरिकी पद्धत थर्ड अँगलची, तिथं ते वर जातं. मी जुन्या कामाचा टेम्प्लेट उघडला होता, तो थर्ड अँगलचा. कोणती पद्धत ते सांगणारी कापलेल्या शंकूची छोटी खूण कोपऱ्यात असायला हवी होती; ती नव्हती. कारागीर फर्स्ट अँगलवर शिकलेला. त्यानं कागद बिनचूक वाचला.

मी विचारलं, ‘‘भाऊ, करताना शंका नाही आली?’’

तो म्हणाला, ‘‘आली ना जी. पण कम्प्युटरचा कागद होता. म्हटलं, कम्प्युटर कसा चुकन?’’

मंडळी, मला रात्रभर झोप आली नाही ती लोखंड वाया गेलं म्हणून नव्हे. हातानं काढलेल्या ड्रॉइंगवर खाडाखोड असायची, बोटांचे डाग असायचे. ते बघून कारागीर म्हणायचा, साहेब, हे माप दोन सूत कमी वाटतं. तो कागद त्याला प्रश्न विचारू द्यायचा. छापील रेघ इतकी देखणी असते, की वीस वर्षं लोखंड कापलेला माणूस आपली शंका गिळतो.

मागून कुणी तरी म्हणतंय, ही तुमची चूक, संगणकाची नव्हे. मान्य! संगणकावर मी खटला भरलेलाच नाही, उगाच मला जुनाट ठरवू नका. (हशा) चूक माणसाचीच असते. सुबक छपाईत ती झाकून जाते, एवढंच सांगतोय. आणि हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. एअरबसच्या ए-३८० विमानाचं घ्या. हॅम्बुर्ग आणि तुलूझच्या चमूंकडे एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी तारांचे जुडगे तोकडे पडले. विमानं रखडली, पहिलं २००७ साली ग्राहकाच्या हाती गेलं. पडदे उत्तम होते, दोन टेबलांमधलं बोलणं तुटलं होतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. टॉलरन्सवर बोलायचं होतं, ते राहू द्या. मुलांनो, एवढं करा. उद्या घरातली एक वस्तू घ्या, पान्हा घ्या, मोटारपंपाचा फूटव्हॉल्व्ह घ्या. हातानं मोजा, साध्या पेन्सिलीनं तीन बाजूंनी काढा, कोपऱ्यात शंकूची खूण करा. मग तो कागद तुमच्या गल्लीतल्या वेल्डरला द्या आणि फक्त विचारा, ‘‘भाऊ, यात काय चुकलंय?’’ तो बोलू लागला की समजा, तुम्हाला ड्रॉइंग यायला लागलं. मग खुशाल संगणकावर बसा.

आणि जाताना पुढं या, हा ब्रॅकेट हातात घेऊन बघा. (टाळ्या)