खालची बारीक ओळ

गणिताशी माझं कधी फारसं जमलं नाही. कवितेतल्या मात्रा मोजता येतात, तेवढंच. तरीही आज टक्क्यांविषयी बोलणार आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतणीने आदल्या दिवशी मला एक नकाशा पाठवला. तिथे बऱ्याच राज्यांत मतदानाच्या दिवसाआधीच, केंद्रावर जाऊन किंवा टपालाने, मत देता येतं. करोनाच्या त्या वर्षी सुमारे दहा कोटी लोकांनी तसं मत दिलं. जितकं मतदान जास्त, तितका राज्याचा रंग गडद. टेक्सास अगदी गडद होतं. त्यावर आकडा होता १०८ टक्के!

शंभराच्या वर टक्के? मी फोन लावला. "चाचा, खालची बारीक ओळ वाचा. छेद बघा," ती म्हणाली. ९७ लाख मतांना २०१६ सालच्या एकूण मतांनी, म्हणजे सुमारे ९० लाखांनी भागलं होतं. नोंदलेल्या सुमारे १ कोटी ७० लाख मतदारांनी भागलं, तर तेच मतदान ५७ टक्के भरतं.

शिवाय असा नकाशा जमिनीला रंग देतो, माणसांना नाही. वायोमिंग न्यू जर्सीच्या दहापटीहून मोठं. पण तिथली वस्ती जेमतेम पावणेसहा लाख, तर न्यू जर्सीत नव्वद लाखांहून अधिक. म्हणून जाणकार लोकसंख्येच्या मापाची वर्तुळं काढतात.

२०२४ च्या नकाशात अलाबामा, मिसिसिपी फिकट दिसले. मी म्हणून गेलो, "इथले लोक आळशी दिसतात." पुतणी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "चाचा, तिथे ठरलेलं कारण दिल्याशिवाय आधी मत देताच येत नाही." फिकटपणा कायद्याचा होता, बोल मी माणसांना लावला.

मला तरी हे कळायला हवं होतं. एका निवडणुकीत मी सकाळीच रांगेत उभा राहिलो. ओळखपत्र खिशात, पण यादीत नाव नाही. तसाच परतलो. संध्याकाळी टक्के जाहीर झाले, तेव्हा चौकात कुणीसं म्हणालं, "तुमच्या मोहल्ल्यात उत्साहच नाही." मत देणाऱ्यांत मी नव्हतो आणि यादीत नसल्याने मतदारांतही नव्हतो. अंशात नाही, छेदातही नाही. माझ्या त्या फेरीची नोंद कुठेच नव्हती.

आता निवडणुकीचा रंगीत नकाशा पेपरात आला, की मी चष्मा लावून आधी खालची बारीक ओळ वाचतो. टक्के आहेत, पण कशाचे? आणि कोण मोजायचं राहिलं?