तांब्याभर पाणी
(वर्धापनदिनी विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२६ जुलै २००५ कोण विसरेल? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास, वालधुनी फुगल्या, लोकल बंद पडल्या. आम्ही चौघे कामावरून सुटून कल्याणहून बदलापूरला पायीच निघालो. उल्हासनगरात अंधार पडला. लाईट गेलेली, पाणी मांडीपर्यंत.

एका जिन्यावरून सिंधी आजीने हाक मारली, "बेटा, ऊपर आ जाओ." तिने आधी तांब्याभर पाणी पुढे केले, मग चहा-पोळी. आमच्यातला एकजण सवयीने थबकला. आता आडनाव विचारतील! तिने काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाली, "हम भी एक दिन ऐसे ही आये थे." फाळणीत घरदार सोडून आलेली ती माणसे. कल्याणच्या लष्करी बराकींत त्यांनी संसार मांडले, त्याचेच १९४९ साली उल्हासनगर झाले.

बंधू-भगिनींनो, १९०१ साली लहानगा भीमराव भावा-भाच्यांबरोबर मसूरहून गोरेगावला बैलगाडीने निघाला. वाटेत पाणी कुणी दिले नाही. डबा भरलेला असून मुले उपाशी झोपली. म्हणून त्या तांब्याचे मोल आपल्याला जास्त कळते.

सकाळी अंबरनाथमार्गे घरी पोहोचलो. त्या माउलीचे नाव विचारायचे राहूनच गेले. तिचे उपकार तिला फेडता येणार नाहीत, पुढच्या वाटसरूला फेडता येतील. विहाराच्या दाराशी माठ बारमाही भरलेला असावा, आणि पिणाऱ्याला 'तू कोण?' असे कुणी विचारू नये. दान पारमिता ती हीच.

नमो बुद्धाय! जयभीम!