बाळाचे बोबडे बोल आणि आपली जबाबदारी



मूल बोलू लागले असे आपण केव्हा म्हणतो? ते 'आई', 'बाबा' म्हणाले म्हणजे. परंतु बोलण्याची तयारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. नवजात बाळ रडते. दोन महिन्यांच्या सुमारास ते 'आऽ', 'ऊऽ' असे हुंकार देऊ लागते. पुढे ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ सुरू होते. ओठ मिटून उघडणे सोपे, म्हणून 'ब' आणि 'म' लवकर येतात. 'र' आणि 'ळ' पुष्कळ उशिरा.

ही विद्या कानावाटे येते. इंग्रजी घरांतील ६ ते ८ महिन्यांची बाळे हिंदीतील 'ट' आणि 'त' यांतला फरक ओळखतात, परंतु वर्षाची होईतो ती ओळख मावळते, असे जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखविले. आपले मूल तो फरक रोज ऐकते, म्हणून तो टिकतो. आपल्या वऱ्हाडीत डोळ्याला 'डोया' म्हणतात. बाळही तेच उचलते. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. ऐकू न येणारे बाळसुद्धा रडते, हसते, हुंकार देते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पण त्याची 'बाबाबा'ची माळ वेळेवर सुरू होत नाही. आपण थाळी वाजवून पाहतो. बाळ हात हललेला पाहूनही वळते आणि आपली समजूत चुकते. मग 'याचा बापही उशिराच बोलला होता' म्हणत दोन-तीन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याचा मोलाचा काळ तोच असतो.

यंत्राने तपासणी जन्मानंतर काही दिवसांतच होऊ शकते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. दहा महिने होऊनही माळ सुरू नसेल, तर आशाताईंना, अंगणवाडीताईंना सांगावे व कान तपासून घ्यावेत.

विद्यार्थी मित्रहो, घरी लहान भावंड असेल तर आजच कान देऊन ऐका. शेतातून परतलेल्या आईने, ओसरीवरच्या आजीने बाळाशी बोलावे, त्याच्या हुंकाराला उत्तर द्यावे. याला पैसा लागत नाही. आपल्या वस्तीतील एकही मूल केवळ आपल्या दुर्लक्षामुळे भाषेला मुकू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.